माळावर घोडे सोडण्याआधी

दौंड-बारामतीच्या पट्ट्यात वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबर-ऑक्टोबरात. जून-जुलैत नुसती भुरभुर. भीमा-नीरेच्या खोऱ्यातला हा मुलूख भीमथडी घोड्यांचा. तरी आज इथे घोडा पाळणाऱ्याला वैरणीचं जे ज्ञान मिळतं ते सगळं दुभत्या जनावरांचं असतं. बांधावर सुबाभूळ लावा, पाणी देऊन संकरित नेपियर गवत घ्या, वरून गव्हाचा कोंडा घाला, असा तो सल्ला. गायीला हे सगळं मानवतं, घोड्याला यातली एकही गोष्ट डोळे मिटून घालता येत नाही. पाच एकर माळ आणि चार घोडे असा हिशेब धरून कुरण बसवताना आम्ही जे करतो ते इथे लिहितो आहोत.

पहिलं काम कागदावरचं. ३५० किलोचा घोडा रोज वजनाच्या साधारण दोन टक्के सुका चारा खातो, म्हणजे ७ किलो. चार घोड्यांचे २८ किलो. आपल्याकडचा कोरडवाहू माळ बऱ्या पावसाच्या वर्षी एकरी ८०० ते १००० किलो सुकं गवत देतो. त्यातलं निम्मं उभं ठेवायचं असतं, कारण मुळांना अन्न त्या पानांतूनच मिळतं. राहिलं एकरी ४००-५०० किलो. पाचपैकी एक एकर पटांगण (घोडे चराईवर नसताना उभे करायची मुरमाची जागा) आणि लसूणघास या हिरव्या चाऱ्याला गेला की उरलेल्या चार एकरांत १८०० किलो धरा. चराईचे १२० दिवस मोजले तर रोजचे १५ किलो पडतात. म्हणजे ऐन पावसाळ्यातसुद्धा कुरण निम्मंच पोट भरतं, बाकीचा कडबा आणि सुकं गवत दावणीलाच घालावं लागतं. हे आधी मान्य केलं नाही की घोडे बाराही महिने माळावर राहतात आणि तीन वर्षांत माळाचा मुरूम होतो.

गाय जिभेने गवत वेढून तोडते, त्यामुळे बुडखा आपोआप शिल्लक राहतो. घोड्याला वर-खाली दोन्हीकडे पटाशीचे दात. तो जमिनीलगत कुरतडतो, आणि मोकळा असेल तर दिवसाचे चौदा-सोळा तास तेच करतो. त्यात त्याची आवडनिवड मोठी. जिथे लीद टाकतो तिथे चरत नाही. थोड्याच दिवसांत कुरणाचे दोन तुकडे पडतात: एक हजामत केल्यासारखा बोडका, दुसरा लिदीने भरलेला, उंच, जून गवताचा. एकूण गवत पुष्कळ दिसतं आणि घोडा उपाशी असतो.

मातीची तपासणी एप्रिल-मेमध्ये उरकून घ्यावी. मुरमाड चढ आणि खालची काळी जमीन यांचे नमुने वेगळे. प्रत्येक भागात नागमोडी चालत दहा-पंधरा जागी इंग्रजी व्ही आकाराचा सहा-आठ इंच खोल खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेची पातळ खाप काढायची, सगळं एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं अर्धा किलो राहीपर्यंत. दावणीजवळची, लिदीच्या ढिगाखालची आणि झाडाखालची माती घेऊ नये. या भागात सामू (पीएच) बहुधा आठच्या आसपास आणि सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आत येतो. परदेशी पुस्तकांत कुरणाला चुना टाका असं हमखास लिहिलेलं असतं, ते तिकडच्या आम्ल जमिनींसाठी. आपल्या चुनखडीच्या मातीत चुना टाकणं म्हणजे पैसे मातीत घालणं.

अहवालापेक्षा जास्त सांगणारी एक चाचणी घरच्या घरी होते. सहा इंच व्यासाचा पाइपचा तुकडा दोन इंच जमिनीत ठोकायचा, माती आधी एकदा ओली करून घ्यायची आणि मग ४५० मिलिलिटर पाणी ओतायचं. या व्यासाला ते जवळजवळ एक इंच पावसाइतकं होतं. हे पाणी कुंपणाकडेच्या न तुडवलेल्या जागी किती वेळात मुरतं आणि फाटकाजवळ किती वेळात, ते घड्याळ लावून पाहावं. फाटक, पाण्याची टाकी आणि कुंपणालगतची घोड्यांच्या येरझाऱ्यांची वाट, या तीन जागी पाणी तसंच तळं करून राहतं. तिथे गवताचं बी टाकून काही होत नाही. आधी वाहतूक हलवावी लागते: टाकी दुसरीकडे न्यायची, फाटक आलटून पालटून वापरायचं.

काळ्या जमिनीचं दुखणं दुहेरी. ओली असताना टापेखाली माती दाबली जाते, हवा निघून जाते, आणि टापेच्या खळग्यांत साचलेल्या पाण्यात गवताचे बुडखे कुजतात. उन्हाळ्यात तिलाच हातभर भेगा पडतात आणि पळत्या शिंगराचा पाय त्यात अडकतो. म्हणून पावसाची झड लागली की घोडे काळ्या जमिनीवरून काढायचेच. आमची कसोटी सोपी आहे: मूठभर माती वळली आणि तिची दोरी झाली, तर त्या दिवशी चराई नाही.

मग घोडे ठेवायचे कुठे? त्यासाठी मुरमाचं पटांगण. सगळ्या व्यवस्थेत खर्च इथेच जास्त आणि टाळाटाळही इथेच. घोड्यामागे दोन गुंठे धरले की चौघांना आठ गुंठे, म्हणजे ८७१२ चौरस फूट. सहा इंच जाडीला ४४ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) होतात, दाबल्यावर बसतो म्हणून पाव हिस्सा जास्त, एकूण ५५ ब्रासच्या आसपास. जागा चढावरची, आधीच मुरमाड असलेली निवडली तर मुरूम कमी लागतो. काळ्या मातीवर करायचं असेल तर वरची माती फूटभर काढून खाली जिओटेक्स्टाइल कापड किंवा डबराचा थर द्यावाच लागतो, नाहीतर दोन पावसाळ्यांत मुरूम गिळला जातो. शंभर फुटाला दोन फूट उतार ठेवावा. वरच्या बाजूला चर काढून माळावरचं पाणी बाहेरून वळवावं. रोलर फिरवताना मुरूम किंचित ओला हवा. पटांगणावर वैरण जमिनीवर मात्र टाकू नये, रबराच्या चटईवर किंवा गव्हाणीत घालावी. गवताबरोबर रेती-खडा पोटात जाऊन मोठ्या आतड्यात साचतो आणि पोटशूळ उठतो. शंका आली तर लिदीचे पाच-सहा गोळे प्लॅस्टिकच्या हातमोज्यात पाणी घालून विरघळवावेत आणि मोजा पाव तास टांगून ठेवावा. बोटांच्या टोकाला रेती बसते.

गवताच्या निवडीत घोडेवाल्याचं गणित गायवाल्याच्या उलटं जातं. संकरित नेपियर, गिनी गवत, अंजन या गवतांत ऑक्झलेट जास्त असतं. ते चाऱ्यातल्या कॅल्शियमला धरून बसतं. गायीच्या कोठीपोटातले जीवाणू ऑक्झलेट मोडतात, म्हणून तिला फारसं जाणवत नाही. घोड्याचं आंबवण होतं ते मागच्या मोठ्या आतड्यात, आणि कॅल्शियम शोषलं जातं त्याआधी, लहान आतड्यात. म्हणजे मागे ऑक्झलेट मोडलं तरी वेळ निघून गेलेली असते. त्यावर गव्हाचा कोंडा घातला की त्यातलं भरमसाट फॉस्फरस उरलीसुरली कसर भरून काढतं. शरीर मग हाडांतून कॅल्शियम ओढतं. महिने-दोन महिने असं चाललं की आज या पायाने, उद्या त्या पायाने लंगडणं सुरू होतं, चावताना त्रास होतो आणि शेवटी तोंडाची हाडं दोन्ही बाजूंनी फुगतात. रक्ततपासणीत कॅल्शियम बऱ्याचदा ठीकच येतं, कारण हाडं ते पुरवत असतात. त्यामुळे रिपोर्ट चांगला आला म्हणून गप्प बसू नये. प्रयोगशाळेतून चारा तपासून घेता आला तर कॅल्शियम आणि ऑक्झलेट यांचं गुणोत्तर ०.५ च्या खाली गेलं की धोका, असं धरतात.

नेपियर नाहीच घालायचं असं नाही. तो मुख्य चारा नको आणि कोंड्याबरोबर तर नकोच. तोल सावरायला लसूणघास: दिवसाला दीड-दोन किलो सुका, घोड्यागणिक. खनिज मिश्रण किती आणि कोणतं ते पशुवैद्याकडून ठरवून घ्यावं. अंदाजाने चुना चारण्यात अर्थ नाही.

कुरणाचा पाया आम्ही मारवेल आणि हरळीवर ठेवतो. मारवेलीचा फुले मारवेल ०६-४० हा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा वाण ठोंबांपासून लावतात. दीड फुटाच्या ओळी, ओळीत फूटभर अंतर, एकरी २९ हजार ठोंब. दोन चांगले पाऊस झाले आणि वीतभर ओल गेली की लावायचे. पहिल्या वर्षी त्यावर घोडा सोडायचा नाही, कापून घालायचं. मधल्या ओळींत स्टायलो या शेंगवर्गीय चाऱ्याचं बी टाकलं की नत्राची सोय होते. बियांचं कवच टणक असतं, म्हणून ८० अंश तापमानाच्या पाण्यात चार-पाच मिनिटं बुडवून, सावलीत सुकवून पेरावं.

हरळीचं सांगितलं की शेतकरी हसतात. जन्मभर जी उपटली ती मुद्दाम लावायची! पण फाटकाजवळ, टाकीभोवती, घोडा जिथे उभा राहतो तिथे टाप सोसणारं दुसरं गवत नाही. जमिनीवर पसरणाऱ्या काड्यांनी ती माती बांधून धरते, ऑक्झलेटही कमी. फक्त शेजाऱ्याच्या उसात जाऊ नये म्हणून बांधाकडेला फूटभर खोल चर ठेवावा.

माळावर आपोआप येणारं कुसळी गवत जुलै-ऑगस्टमध्ये कोवळं असताना घोडे आवडीने खातात. सप्टेंबरअखेर त्याला कुसळं धरली की तेच हिरड्यांत आणि जिभेखाली घुसतं. लाळ गळायला लागली, तोबऱ्यातली चंदी अर्धवट राहिली, की आधी ओठ उचलून आत बघायचं. म्हणून कुसळीचा पट्टा चराईत सगळ्यात आधी घ्यायचा आणि फुलोऱ्याआधी वरून छाटायचा.

घोड्याला न चालणाऱ्या हिरवळीची यादी मोठी आहे, त्यातल्या नेहमी सापडणाऱ्या एवढ्याच. सुबाभळीतल्या मायमोसिनने आयाळ आणि शेपटीचे केस झडतात. ज्वारीचा कोवळा फुटवा विषारी असतो आणि हिरव्या ज्वारीवर बरेच दिवस चरलेल्या घोड्याला मागच्या पायांत डळमळ व लघवीवर ताबा न राहणं असा त्रास होतो. वाळलेला कडबा चालतो, हिरवी कडवळ नको. कण्हेर शोभेसाठीसुद्धा आवारात नको, मूठभर पानंही जीव घेतात. खुळखुळा यकृत खराब करतो, आणि तो सुक्या गवतात मिसळून आला तर ओळखू येत नाही, म्हणून कापणीआधीच उपटावा. घाणेरी मुळासकट काढावी. वेड्या बाभळीच्या शेंगा गोड म्हणून घोडे खात सुटतात आणि आतड्यात गोळा बसतो. गाजरगवत शक्यतो खात नाहीत, पण उघड्या जागी तेच आधी येतं. फुलावर येण्याआधी, ओल असताना, हातमोजे घालून उपटायचं. पानांवर पांढरट भुंगेरे बसलेले दिसले तर त्यांना मारू नका, ते त्याच कामासाठी मेक्सिकोतून आणून सोडलेले आहेत.

कोंबडीखत घोड्यांच्या कुरणात टाकत नाही. कोंबड्यांच्या खाद्यातली मोनेन्सिन, सॅलिनोमायसिनसारखी औषधं घोड्याच्या हृदयाला घातक, आणि खतात मेलेली कोंबडी असली तर बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेची भीती वेगळी. मोनेन्सिन काही पशुखाद्यांतही असतं, तेव्हा गायीच्या पेंडीचं पोतं घोड्याच्या तबेल्यात नकोच.

कुंपण बाहेरून पक्कं, आतून हलतं. काटेरी तार अजिबात नाही. घोडा बिचकला की मागे सरत नाही, ओढतो, आणि कातडी सोलून निघते. आतले भाग पाडायला दीड इंची पांढरी पट्टी आणि तिच्यात विजेचा झटका सोडणारं झटका मशीन. पट्टीचे दोन पदर, वरचा चार फुटांवर, खालचा अडीच फुटांवर. शेवटच्या टोकाला मीटर लावून ४००० व्होल्टच्या वर दाब मिळाला पाहिजे. बहुतेक तक्रारी मशीनच्या नसतात, अर्थिंगच्या असतात. पाच फुटी तीन सळया दहा-दहा फुटांवर ठोकायच्या आणि उन्हाळ्यात त्यांच्या बुडाशी पाणी ओतत राहायचं. पावसाळ्यात पट्टीला टेकलेलं गवत दाब खाऊन टाकतं, तिथे विळा फिरवायचा.

चार एकरांचे आठ पट्टे पडतात. प्रत्येकात चार दिवस, मग २८ दिवस विश्रांती. हे आकडे ऑगस्टच्या वाढीचे आहेत. पाऊस दडी मारून बसला की दिवसांकडे न बघता उंचीकडे बघायचं. मारवेल आठ-दहा इंच झाल्याशिवाय आत सोडायचं नाही, चार इंचांवर आली की बाहेर. हरळीला पाच आणि दोन-अडीच इंच. कॅलेंडरवर चालवलेली चराई पहिल्याच कोरड्या पंधरवड्यात फसते. पट्टा तयार नसेल तर घोडे पटांगणावर कडबा खातील, त्यात त्यांचं काही अडत नाही.

पहिल्या पावसानंतर माळ हिरवा दिसतो तेव्हा सगळ्यात जास्त घाई होते. गवताची काडी चिमटीत धरून घोड्यासारखा झटका द्यावा. मुळासकट हातात आली तर अजून पंधरा दिवस थांबा. चराई सुरू करताना पहिल्या दिवशी अर्धा तास, तोही कडबा खाऊ घातल्यावर, आणि दोन आठवड्यांत वाढवत न्यायचं. कित्येक महिने सुक्यावर राहिलेल्या आतड्यातल्या जीवाणूंना एवढा वेळ लागतोच. घाई केली तर पोटशूळ, आणि अंगाने सुटलेल्या घोड्यात खुरांच्या आतली सूज.

लिदीचं काम कायमचं. एक घोडा दिवसाला १५ किलोच्या पुढे लीद टाकतो. पावसाळ्याच्या उबदार ओलीत तिच्यातली जंतांची अंडी फुटून आठवडाभरात अळ्या गवताच्या पात्यावर चढण्याजोग्या होतात. चार दिवसांनी पट्टा बदलल्यामुळे घोडे स्वतःच्या ताज्या अळ्या खात नाहीत, पण २८ दिवसांच्या ओल्या विश्रांतीत त्या अळ्या सगळ्या मरतात असं नाही. त्यासाठी लीद उचलावीच लागते. आठवड्यातून दोनदा, दाताळं आणि घमेलं घेऊन. काही जण फळी ओढून लीद पसरवून टाकतात. एप्रिल-मेच्या उन्हात, पट्टा रिकामा असताना ते ठीक, अळ्या वाळून मरतात. पावसाळ्यात तेच केलं तर जंत अख्ख्या पट्ट्यावर पेरले जातात.

घोडे निघाले की मागोमाग गायी किंवा मेंढ्या सोडणं फार उपयोगी पडतं. घोड्याने टाकलेलं उंच गवत त्या खातात, आणि घोड्याचे बहुतेक जंत त्यांच्या पोटात जगत नाहीत. धनगरांच्या मेंढ्या खतासाठी शेतात बसवायची रीत इकडे आहेच, तीच पट्ट्यांना लावायची. शेणकिड्यांचा प्रश्नही यात सुटतो. लीद सगळी उचलली तर ते उपाशी राहतील, म्हणून गायीचं शेण जागेवरच सोडतो. किडे ते गोळे करून खाली नेतात, बिळांतून हवा-पाणी मुरतं आणि माती आयती खतावते.

जंतनाशक सरसकट दर तीन महिन्यांनी पाजण्याची सवय सोडावी. प्रत्येक घोड्याची ताजी लीद हवाबंद पिशवीत, थंड ठेवून, त्याच दिवशी तपासायला द्यावी. ग्रॅमला दोनशेच्या वर अंडी असलेल्या मोठ्या घोड्यालाच औषध. शिंगरांचं वेळापत्रक वेगळं, ते पशुवैद्य सांगतील. मात्रा वजनावर, आणि वजन टेपवर: छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी, भागिले ११,८८०. घेर १६०, लांबी १४० असेल तर साधारण ३०० किलो. आयव्हरमेक्टिन हे जंतनाशक लिदीतून बाहेर पडतं आणि शेणकिड्यांच्या अळ्या मारतं, म्हणून औषध दिल्यावर घोडे आठवडाभर पटांगणावर, आणि तेवढ्या दिवसांची लीद वेगळ्या ढिगात.

ढीग निदान तीन फूट लांब, रुंद आणि उंच हवा, त्याहून लहान तापत नाही. मुठीत दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब पडेल इतकी ओल. आत सळई दहा मिनिटं ठेवून काढली तर हाताला धरवू नये. ५५ अंशांच्या वर सलग तीन-चार दिवस तापला की कडेचा माल आत घेत उलटायचा, असं तीनदा. तबेल्यात खाली लाकडाचा भुसा असेल तर ढीग थंड पडून राहतो, त्यात गायीच्या शेणाची रबडी घालावी. तयार खत एकरी दोन-तीन टन, विश्रांतीच्या पट्ट्यावर, पातळ.

दिवाळीनंतर एक पट्टा न चरता सोडतो. बी पडतं, लाव्यांना आसरा राहतो. दरवर्षी पट्टा वेगळा. मार्चपासून उघड्या जमिनीवर माळटिटवी अंडी घालते. ती ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली की त्या भागात ट्रॅक्टर नेत नाही. बाकीच्या पट्ट्यांतलं उरलेलं गवत फुलोऱ्यात कापून, दोन-तीन उन्हं देऊन गंजीला लावतो. काडी पिळल्यावर कडकन मोडली पाहिजे. ओलसर लावलेल्या गंजीला बुरशी येते आणि घोड्याला दमा लागतो.

राहिली आगीची भीती. डिसेंबरअखेर, गवत पुरतं वाळायच्या आत, माळाभोवती आणि गंजीभोवती दहा-बारा फुटांची पट्टी खरवडून साफ करायची. पटांगणाला वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला गंज नको, आणि दोन गंजींत निदान पन्नास फूट अंतर हवं. पटांगणाला दोन फाटकं ठेवायची, एक रस्त्याकडे, एक नांगरलेल्या रानाकडे, आणि दोन्हींना कुलूप नाही, कडी.